पिवळ्या पाण्याचा पुरावा

पाणी पिवळं करून कावीळ उतरत नाही, हे लोकांना पटवून द्यायला मी निघालो आणि तीन आठवड्यांत मोहाडीतला सगळ्यात नावाजलेला कावीळ उतरवणारा झालो. एवढं यश मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालं नाही. पुढे कितीतरी वर्षं विज्ञान शिकवलं, पण एकही विद्यार्थी पहाटे येऊन माझ्या ओट्यावर बसला नाही. काविळीचे लोक बसले.

ही सत्तरचं दशक सरतानाची गोष्ट. मी नुकताच बी.एस्सी., बी.एड. होऊन भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीच्या शाळेत लागलो होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. कोष्टीपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. आजूबाजूला घरोघरी हातमाग, त्यामुळे सकाळपासून धोट्याची खटखट. बायकोला सुरुवातीला त्या आवाजानं डोकं धरून बसावं लागे. पुढं माहेरी गेली की तिला तो आवाज नाही म्हणून झोप येईना. मला आवाजाचा त्रास नव्हता. मला एकच दुखणं होतं, आपल्याला सगळं समजतं हे. नवा बी.एस्सी. झालेला माणूस आणि नवी सायकल घेतलेला माणूस सारखेच. रस्ता मोकळा असला तरी घंटी वाजवल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता गावात कावीळ आली. विहिरीत कुठून तरी घाण पाणी झिरपत असणार, हे मला पुस्तकावरून माहीत होतं. मी गल्लीत दारोदारी जाऊन पाणी उकळून प्यायला सांगितलं. एका म्हाताऱ्या विणकरानं मान वर न करता विचारलं, "पानी का भात आहे जी, शिजवाले?" ही कावीळ हवा फिरल्यामुळं आली आहे, हे गल्लीचं ठरलेलं होतं, आणि हवा काही चुलीवर ठेवता येत नाही.

कावीळ झाली की सगळे बाजारचौकातल्या पानठेल्यावाल्याकडं जात. पन्नाशीचा, काटकुळा, तोंडात कायम विडा असल्यामुळं कमी बोलणारा माणूस. रविवारी आणि बुधवारी सकाळी, ठेला उघडायच्या आधी तो कावीळ उतरवायचा. रोग्याच्या हातांना कोपरापर्यंत काहीतरी चोळायचा, हात परातीवर धरायला लावायचा, ओठ हलवत वरून तांब्यानं पाणी ओतायचा. पाणी नितळ पडायचं आणि परातीत पिवळंधम्मक उतरायचं. "निघाली," एवढंच तो म्हणायचा. मग पथ्य सांगायचा. तीन आठवडे तेल नाही, तिखट नाही, काम नाही. ताकभात खा आणि पडून राहा. घ्यायचा काही नाही. आजोबाकडून आलेला गुण विकला तर जातो, अशी त्याची समजूत होती.

बहुतेक लोक तीन आठवड्यांत बरे होत. ते विश्रांतीनं आणि पथ्यानं बरे होतात हे मला ठाऊक होतं, म्हणूनच माझा जळफळाट होई. एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये मी तो बोलूनही दाखवला. आमचे ड्रिल मास्तर म्हणाले, "पानी पिवळं होते का नाही? डोयानं दिसते. तुमचं विज्ञान कोनाले दिसलं, सांगा बरं."

हे मला झोंबलं. ते पिवळं कुठून येतं हे शोधायचंच, असं मी ठरवलं. जन्मात पान न खाल्लेला मी सलग चार दिवस ठेल्यावर जाऊन पान खात उभा राहिलो. चुन्यानं जीभ सोलून निघाली. निष्पन्न एवढंच झालं, की ठेल्याच्या मागं ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं असतं आणि तांब्यातलं पाणी म्हणजे आपली चुन्याची निवळी आहे. आता निवळीनं पिवळं काय होणार? मी म्हटलं, हळद. घरी आलो, दोन्ही हातांना हळद फासली, बायकोला निवळी ओतायला सांगितली. हात लालभडक झाले.

बायको शांतपणे म्हणाली, "अजी, कुंकू करून राहिले का? घरात आहे ना."

हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे तिच्या आजीलाही माहीत होतं. मलाही कॉलेजात शिकवलं होतं, पण ते इंडिकेटर या नावानं. ती हळदच, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी सालींच्या मागं लागलो. कडुनिंब झाला, बाभूळ झाली, पळस झाला. आठ दिवस माझे हात असे रंगलेले, की वर्गातली मुलं फळ्याकडं बघायचं सोडून माझ्या हातांकडं बघायची. शेवटी आंब्याची ओली साल कुटून चोळली, आणि पाणी पिवळं झालं. असं पिवळं, की मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. बायकोनं दूध बाजूला सरकवलं.

पुढच्याच शनिवारी शाळेत पालकांची सभा होती. हेडमास्तरांची परवानगी घेऊन मी टेबलावर परात मांडली. नमुना म्हणून मुद्दाम गावातला सगळ्यात निरोगी माणूस निवडला, ते ड्रिल मास्तरच. रोज शंभर जोर, दोनशे बैठका आणि रात्री अर्धा शेर दूध. त्यांच्या पोलादी हातांना साल चोळली, निवळी ओतली. परातीत पिवळा झरा उतरला. लोक माना उंचावून बघू लागले. मी छाती काढून विचारलं, "आता सांगा, यावरून काय सिद्ध होतं?"

मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "मास्तरले कावीळ होती."

"अहो, नव्हती. तेच तर मी..."

"आंगात दडून होती," दुसरा म्हणाला. "भाईर दिसत नोती. गुरुजीनं काढली म्हून दिसली."

मी ड्रिल मास्तरांकडं आधारासाठी पाहिलं. ते परातीकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा खरोखर पिवळा पडत चालला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली. तीन आठवडे ताकभात खाल्ला, जोर-बैठका बंद, दूध बंद. साहजिकच ते वाळले. लोक बघून हळहळले, "किती उतरला मानूस. आतून खाऊन राहिली होती."

सोमवारी पहाटे दार उघडलं तर ओट्यावर पाच माणसं. मी त्यांना परोपरीनं समजावलं. ही फक्त आंब्याची साल आहे, हा चुना आहे, ज्याच्या हाताला लावाल त्याच्या हातातून पिवळं निघेल. एक बाई कौतुकानं म्हणाली, "पाहा जी, कोनी जडी सांगत नाही. गुरुजीनं उघडी सांगतली. मोठं मन आहे."

"बाई, ज्याला कावीळ नाही त्याच्याही हातातून निघतं."

"हो ना. थोडी थोडी सगळ्याइलेच असते."

 

मी दार लावून आत बसलो. तासाभरानं उघडलं तर पाचांचे सात झालेले. त्यात एक म्हातारी होती, ती म्हणाली, "मी काही उठत नाही. तुमी शाळेत जा, मी बसली आहो." शाळेची घंटा व्हायला आली होती. म्हटलं, एकदा धुऊन टाकू हात, बला टळेल. धुतले. मग बाकी सहांनी काय घोडं मारलं होतं?

पण खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. मी मनाशी एक तोडगाही काढला. हात धुण्याआधी वचन घ्यायचं, पाणी उकळून प्यायचं, जेवणाआधी साबणानं हात धुवायचे. आणि काय सांगू, महिनाभर घसा कोरडा करून जे झालं नाही ते झालं. ज्या विणकरानं पाणी शिजवण्यावरून मला उडवलं होतं, त्याच्याही चुलीवर पाण्याचा पितळी गुंड चढला. मी फुगलो. आरशात बघून भांग पाडायला लागलो. बायको सकाळी चहा देताना म्हणायची, "घ्या म्हाराज. भक्त वाट पाहून राहिले."

अशा फुगलेल्या अवस्थेत एका रविवारी शेजारची म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. आमच्यापासून तिसरं घर. म्हातारीचा मुलगा मागावर बसायचा, सून सुताच्या कांड्या भरायची. पोरगी वीसेक वर्षांची असेल, सातवा महिना लागलेला, पहिलटकरीण. डोळे हळदीसारखे. उलट्यांनी पार गळून गेली होती. मी हात चोळले, निवळी ओतली. पाणी नेहमीपेक्षा गडद निघालं. साल त्या दिवशी ताजी होती, एवढंच कारण. सासूच्या चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती सैल झाली. "निघाली बापा," ती म्हणाली. मी उकळलेल्या पाण्याचं प्रवचन दिलं. सून काहीतरी बोलायला गेली, सासूनं तिचा पदर सारखा केला आणि दोघी गेल्या.

मंगळवारी सकाळी म्हातारी माझ्या बायकोजवळ कुरकुरत होती. "आजकालच्या पोरीइले काही धाक नाही. कालपासून नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारून राहिली. अख्ख्या गल्लीत ऐकू जाते. मी सासू समोर बसली तरी."

"आणि कावीळ?" बायकोनं विचारलं.

"ते तं निघाली ना. आता निस्ती झोपते."

मी आत दाढी करत हे ऐकलं आणि हसलो. नवऱ्याचं नाव घेणारी सून म्हणजे गल्लीत सुधारणा आली, असं मला वाटलं.

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर चौकातून येत होतो. पानठेल्यावाल्यानं हात करून बोलावलं. मी त्याची गिऱ्हाइकं पळवली होती, त्यामुळं इतके दिवस पलीकडच्या कडेनं जायचो. आता गेलो. त्यानं पिंक टाकली आणि हसला.

"चार दिवस पान खाऊन साल वळखली तुमी. आजवर कोनी वळखली नोती. पन साल कोवळ्या झाडाची घेऊन राहिले. जुन्या झाडाची घ्या, रंग टिकते."

मी ओशाळलो. म्हटलं, "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, की त्यानं कावीळ जात नाही?"

"मले बाराव्या वर्सापासून मालूम आहे जी. पन हात धुतल्याबिगर मानूस पथ्य पाळत नाही. तुमी निस्तं सांगून पाहिलं, पाळलं का कोनी?" मग तो थांबला. "तुमच्या गल्लीतल्या त्या पोटुशी पोरीचं तुमी केलं म्हनते."

"हो. रविवारी."

"मी तिले बुधवारीच वापस धाडली होती. दोन जीवाच्या बाईचं मी करत नाही. शिधी भंडाऱ्याले धाडतो, सरकारी दवाखान्यात. आजा सांगून गेला होता, पोटुशी बाईची कावीळ आपली नाही, तिथं हात लावाचा नाही. मी एकदा लावला होता, मी तरणा होतो तवा." त्यानं एक पान उचलून फडक्यानं पुसायला घेतलं.  "कशी आहे ती? झोपते का दिवसा?"

"झोपते."

"बोलते कशी? बरोबर बोलते?"

मी म्हटलं, "नवऱ्याला नावानं हाका मारते."

त्यानं हातातलं पान खाली ठेवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या पोरीनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव ओठांवर आणलं नाही, ती सासूपुढं नावानं हाका मारते, म्हणजे तिला आपण कुठं आहोत हेच कळत नाही. पुस्तकं मी वाचली होती. गरोदरपणात कावीळ डोक्यात चढते हे पानवाल्याला ठाऊक होतं, मला नाही.

मी धावत त्यांच्या घरी गेलो. सून मागाच्या बाजूला चटईवर पडलेली, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटायची. नवरा पायाशी बसलेला. मी म्हटलं, "मावशी, आत्ताच्या आत्ता हिला भंडाऱ्याला न्यायचं."

"काहून? कावीळ तं निघाली. तुमच्याच हातानं."

"ती निघाली नाही. ते खोटं होतं. आंब्याची साल होती."

"खोटं कसं? ड्रिल मास्तरची निघाली. तिकडल्या म्हातारीची निघाली. माह्याच सुनेची खोटी काहून?"

मला दुसरं काही सुचेना. घरी पळत जाऊन परात, साल आणि निवळी घेऊन आलो, तिच्यासमोर माझ्याच हातांना चोळली, तिच्या मुलाला पाणी ओतायला लावलं. पिवळं उतरलं. "बघा," मी म्हटलं, "मला आहे का कावीळ?"

म्हातारीनं माझ्याकडं भरल्या डोळ्यांनी पाहिलं. "किती लोकाइची घेतली गुरुजी तुमी आंगावर," ती म्हणाली. "आता पडून राहा. ताकभात खा."

मी ओल्या हातांनी तसाच दारात उभा राहिलो. तेवढ्यात पानठेल्यावाला आला. आठवडी बाजाराचा दिवस असूनही ठेला बंद करून आला होता. त्यानं एकदा पोरीकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं, मग म्हातारीजवळ उकिडवा बसला.

"मावशी, गुरुजीनं काढली ते बरोबर आहे. पन त्यायनं हिची काढली. पोटातल्या लेकराची कोन काढीन? लेकराचे हात कोनाच्या परातीत येतात का? ते भंडाऱ्यालेच निघते. सुई लावून."

म्हातारी एका क्षणात उठली. "मंग पयले काहून नाही सांगतलं," ती माझ्यावरच डाफरली, आणि लुगडं सावरत बाहेर गाडी बघायला गेली. मी अर्धा तास खरं बोलून जे झालं नव्हतं, ते त्यानं चार वाक्यांत केलं. बाजाराला धान्य घेऊन आलेली एक जीप भंडाऱ्याकडं परत निघाली होती, तिच्यात आम्ही चौघं बसलो. पोरीचं डोकं सासूच्या मांडीवर. वाटेत एकदा तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. म्हातारीनं या वेळी तिच्या कपाळावरचे केस मागं केले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाइन लावलं आणि मग आमच्याकडं वळल्या. "दोन दिवस उशीर केलात. कोणाकडं नेलं होतं?"

म्हातारीनं अभिमानानं मला पुढं ढकललं. "यायच्याकडं. मोहाडीत यायच्यासारखा हात कोनाचा नाही."

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझी पँट, खिशातलं पेन, पिवळी बोटं. "शिकलेले दिसता. किती शिकलात?"

"मॅट्रिक," मी म्हणालो. विद्यापीठाची अब्रू मला तेवढीच वाचवता आली.

त्यानंतरचे दोन दिवस हसण्यासारखे नव्हते. तो पोरगा आणि मी व्हरांड्यात बसून असायचो.  तो एकदाच म्हणाला, "गुरुजी, तुमी घरी जा, शाळा आहे." मी गेलो नाही. समोरच्या भिंतीवर 'पाणी उकळून प्या' असा फलक होता, तो मी किती वेळा वाचला याचा हिशोब नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई कागद घेऊन खाटेपाशी गेल्या. पोरगी डोळे उघडे ठेवून पडली होती. "नवऱ्याचं नाव काय तुझ्या?" त्यांनी विचारलं. पोरीनं तोंड पदरात लपवलं. नर्सबाईंनी परत विचारलं. ती म्हणाली, "त्यायलेच इचारा ना, दारात उभे आहेत." म्हातारी बाकावर धपकन बसली. "आली बाप्पा सून ठिकानावर," ती म्हणाली, आणि पोरगा व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. नर्सबाईंना कळेना, नाव न सांगितल्याचा या लोकांना एवढा आनंद कशाचा.

ती पंधरा दिवसांनी घरी आली. दोन महिन्यांनी परत भंडाऱ्यालाच बाळंत झाली. मुलगी झाली, लहानखुरी, पण आवाज असा की मागाच्या खटखटीवर मात करायची. गल्लीनं श्रेयाची वाटणी करून टाकली. वरची कावीळ गुरुजींनी काढली, आतली दवाखान्यानं. पानठेल्यावाल्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, आणि त्याला त्याचं सुख होतं.

बारशानंतर एकदा मी त्यांच्या दारावरून जात होतो. सून ओट्यावर कांड्या भरत होती, सासू पाण्याला गेलेली. तिनं मान खाली ठेवूनच हाक मारली. "गुरुजी, एक सांगू? राग नका मानू."

"सांग."

"पानवाल्या भाऊनं वापस धाडलं ना, तवाच मी पिशवी भरली होती. दोन लुगडे, एक गिलास, चादर. रविवारच्या गाडीनं आमी भंडाऱ्याले जाऊन राहिलो होतो. सासूबाई म्हने, जाता जाता गुरुजीकडं हात धुऊन घेऊ. तुमच्याकडं पानी पिवळं निघालं, तं त्यायनं घरी येऊन पिशवी खाली करून टाकली. मी तुमच्याकडं सांगाले गेली होती. तुमी पान्यावर बोलून राहिले होते."

 तिनं चरख्याचा दोरा जोडला आणि हसली. हसू खरं होतं, त्यात खोट नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. "आता दुसऱ्या कोनी आल्या तं त्यायले आधी बोलू द्या," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी जाऊन मी परात बायकोच्या हवाली केली. लोक यायचे थांबले नाहीत. पण त्यानंतर मी कोणाचे हात हातात घेतले नाहीत. पोटुशी बाई आली, म्हातारा माणूस आला, कावीळ होऊन आठवडा उलटलेला आला, की मी आधी विचारायचो, "पिशवी भरली का?" आणि गप्प बसायचो. नसली भरली तर सोबत घरी जाऊन भरून घ्यायचो आणि एसटीच्या फाट्यापर्यंत पिशवी मीच उचलायचो.

महिनाभरात गल्लीत बातमी झाली. ओट्यावर बसलेली ती पहिली म्हातारी नव्या आलेल्या बाईला समजावताना मी स्वतः ऐकली. "गुरुजी आता हात नाही धुवत. त्यायले पुढची सिद्धी भेटली आहे. निस्तं पिशवी भरली का म्हनते, अन् मानूस भंडाऱ्याहून बरा होऊन येते."

मी पायात चपला घातल्या. त्या बाईची पिशवी उचलली आणि फाट्याकडं चालू लागलो.